सावरीचा कोरडा ओंडका

पूर्वी मणिवती नगरीत पुष्यधर राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व वेत्रा नदीकाठच्या एका खेड्यात सुताराच्या घरी जन्माला आले होते. नाव सोमिल. घरात ते आणि बायको सामा, दोघंच, मूलबाळ नव्हतं.

वेत्रा दोन-चार वर्षांनी एकदा गावात शिरायचीच. म्हणून तिथे रीत होती, की प्रत्येक घराच्या आढ्याला सावरीचा एक ओंडका टांगलेला असायचा. सावरीचं लाकूड पांढरं आणि हलकं खरं, पण दोन उन्हाळे वाळल्यावर. ओलं असताना ते पाणी पिऊन जड झालेलं असतं. पूर आला की माणसं कोरड्या ओंडक्याला मिठी मारून तरून जायची. चुलीला लाकूड नसलं तरी त्या ओंडक्याला कुणी कुऱ्हाड लावत नसे.

एकदा राजाने लढाई जिंकली आणि त्याला हौस आली, की खांद्यावर मिरवता येईल असा पांढराशुभ्र मंडप करावा. कुंभसेन नावाचा अधिकारी लाकूड न्यायला आला. माणूस दुष्ट नव्हता हो, पण लाकडातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याने घराघरातले कोरडे ओंडके उतरवले आणि प्रत्येक दारात त्याहून जाड, ताजा तोडलेला ओंडका टाकला.

"घेतला त्याहून मोठा दिलाय. आता कुरकुर नको," तो म्हणाला.

सोमिल कळवळून म्हणाले, "स्वामी, लाकूड दिलंत, पण दोन उन्हाळे कुठून देणार?"

"सुतारा, शहाणपणा पुरे!"

सोमिलांचा ओंडका तेवढा राहिला, कारण त्याला चीर गेली होती आणि चिरलेलं लाकूड मंडपाला चालत नव्हतं. ते घरोघर सांगत फिरले, "पावसाळ्याआधी टेकडीवर चला रे!" लोकांना नव्या ओंडक्यांची जाडी बघून धीर आला होता. "सोमिलदादा, तुमचा आहे ना शाबूत? मग आम्हाला कशाला घाबरवता?" असं म्हणून ते हसले. कुणी हललं नाही, म्हणून सोमिलही गेले नाहीत.

आषाढात भर दुपारी पाणी आलं. मंडपाला खांदेकरी गोळा करायला कुंभसेन त्या दिवशी गावातच होता. लोकांनी नव्या ओंडक्यांना मिठ्या मारल्या आणि ओंडके त्यांना घेऊन खाली गेले. एकेक घर हाका मारत बुडालं. सोमिलांना प्रत्येक हाक कुणाची ते कळत होतं, आणि करता काहीच येत नव्हतं.

त्यांचा चिरलेला ओंडका जेमतेम दोघांना पेलत होता. एवढ्यात कुंभसेन गटांगळ्या खात आला आणि त्याने टोक धरलं. ओंडका खाली जाऊ लागला.

सामा किंचाळली, "अहो, ढकला त्याला! यानेच गाव बुडवलं!"

"सामे, खाली आणखी बारा गावं आहेत. तिथलेही ओंडके यानेच बदललेत. आपलं कोण ऐकणार? याचं राजा ऐकेल."

"आणि मी? मी याचं तोंड बघत जगू?"

सोमिलांनी तिचा हात कुंभसेनच्या मनगटावर ठेवला आणि स्वतःचा ओंडक्यावरून काढून घेतला. पाण्याने त्यांना ओढून नेलं.

थोड्याच वेळात कुंभसेनची बोटं सुटू लागली. सामाने त्याचे केस पकडले. "मेल्या, मुडद्या, तुझं वाटोळं होवो," असं रडत, शिव्या देत तिने त्याला सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवलं.

काठाला लागताच कुंभसेन राजाकडे धावला. राजाने घोडेस्वार सोडले. तीन गावं टेकडीवर चढली. नऊ गावांत पाणी आधी पोचलं. पुढे मंडप मोडून लाकूड परत पाठवलं, पण बऱ्याच गावांत ते घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

जमलेल्या भिक्षू-भिक्षुणींना एवढं सांगून शास्ता भगवान थांबले. मग म्हणाले, "तेव्हाचा कुंभसेन म्हणजे दाराशी बसलेला हा भिक्षू वप्पल. सोमिल सुतार मीच होतो. सामा म्हणजे ही वृद्ध भिक्षुणी रेवती. ही कथा तुम्ही माझ्या त्यागाची म्हणून सांगाल. पण मी हात सोडला, ते एका क्षणाचं काम होतं."

रेवती खाली मान घालून म्हणाली, "भगवान, मी त्याला क्षमा केली नव्हती."

"ठाऊक आहे," शास्ता म्हणाले. "तरी धरून ठेवलंस. क्षांती, म्हणजे सोसण्याचं बळ, म्हणतात ती हीच."