आक्काचे नवे स्वयंपाकघर

तापीकाठी, केळीच्या बागांच्या मुलखात, खापरावर पुरणपोळ्या करणारी एक बाई राहत होती. तिचे नाव द्वारकाबाई. पण पंचक्रोशीत ते नाव कोणाला ठाऊक नव्हते. सगळे तिला खापरवाली आक्का म्हणत.

खापर म्हणजे मातीचे मोठे, पसरट भांडे. ते चुलीवर पालथे घालायचे, खाली तुराट्या-पऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या आणि कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, जाळ सगळीकडे सारखा ठेवायचा आणि वर पोळी भाजायची. या पोळीला लाटणे लागत नाही. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायचा, आणि कोपरापर्यंत आला की अलगद खापरावर सोडायचा. आक्काच्या हातावर पोळी असली की तिच्यातून पलीकडचा उजेड दिसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींना आमरसाबरोबर तिचीच पोळी लागे. लग्नघरची माणसे तिला विचारून तारीख धरत.

आक्का लवकर विधवा झाली होती. याच पोळ्यांवर तिने मुलाला, हेमराजला, वाढवले. जाळ सांभाळायला शेजारची भागाबाई येई. भागाबाई एकटीच होती. तिला पोळी करता येत नसे, पण जाळ तिच्यासारखा कोणाला लावता येत नसे. तीस वर्षे त्या दोघी एका चुलीशी समोरासमोर बसल्या.

तीस वर्षांचा धूर आक्काच्या डोळ्यांत बसला होता. हातांवर भाजल्याचे डाग होते. हेमराजला तालुक्याच्या गावी नोकरी लागली तेव्हा तो म्हणाला, "आई, आपण तिकडेच घर घेऊ. तू म्हणशील तसं."

दोघे बऱ्हाटे नावाच्या एजंटाकडे गेले. बऱ्हाटे सरळ माणूस होता. घर दाखवण्याआधी तो घरातल्या बाईला नेहमी एक गोष्ट विचारी.

"काकू, तुमच्या घरात दिवसभर काय काय चालतं, ते आधी सांगा. घर मी त्यावरून शोधतो. खोल्या किती, ते मग बघू."

टेबलावर नव्या स्वयंपाकघरांच्या चित्रांचे जाड पुस्तक उघडे होते. आक्का ते पाहत होती. पांढरीशुभ्र कपाटे, त्यांना कड्या नाहीत. ओट्यात बसवलेली काचेची शेगडी. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये भिंतच नाही. मधोमध आणखी एक ओटा आणि त्याला लागून उंच स्टुले.

"स्वयंपाकघरात स्टुलं कशाला हो?" हेमराजने विचारले.

"हल्ली असंच असतं," बऱ्हाटे हसून म्हणाला. "एकीनं भाजी चिरायची आणि बाकीच्यांनी स्टुलावर बसून चुका काढायच्या."

चित्रात एक बाई ओट्याशी उभी होती. तिच्या हाताला पीठ नव्हते, काजळी नव्हती, काहीच लागलेले नव्हते. आक्काने आपले हात पदराखाली घेतले.

"काही नाही हो भाऊ," ती म्हणाली. "दोन माणसांचा स्वयंपाक. चारचौघांसारखंच."

"आई, आपलं ते..." हेमराज बोलू लागला. आक्काने टेबलाखाली त्याचा पाय दाबला.

"पापड, लोणची, डबे, शिवणकाम?" बऱ्हाटेने पुन्हा विचारले. "लाजू नका काकू. पुष्कळ जणी लाजतात आणि मग वर्षभरात घर बदलायला येतात."

"छे हो," आक्का म्हणाली. "आमच्यात नाही तसलं काही."

बऱ्हाटेने त्यांना दोन घरे दाखवली. पहिले गावाच्या टोकाला होते. बैठे घर, दोन खोल्या, काळ्या कडाप्प्याचा जुना ओटा, आणि मागे मोकळे अंगण. अंगणापलीकडे शेत. आक्का अंगणात जाऊन उभी राहिली. वारा घराकडून शेताकडे वाहत होता. धूर आपोआप निघून गेला असता. चूल कुठे मांडायची आणि पऱ्हाट्या कुठे रचायच्या, ते तिच्या डोळ्यांना न शोधता दिसले. भागाबाईने बसायची जागासुद्धा दिसली.

"का कोण जाणे, तुम्हाला हे घर बरं पडेल असं वाटतं," बऱ्हाटे म्हणाला. "इथं कोणी काही केलं तरी शेजारपाजारची तक्रार नाही."

आक्काच्या ओठांवर शब्द आला होता. तेवढ्यात तिला चित्रातली बाई आठवली. आपण या माणसाला नाही म्हणून सांगितले आहे, हेही आठवले. आता खरे सांगायचे तर आधी खोटे बोललो हे सांगावे लागणार होते.

"हे तर आमच्या गावच्या घरासारखंच झालं," ती म्हणाली. "मग इतक्या लांब यायचं कशाला?"

दुसरे घर नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर होते. त्याचे स्वयंपाकघर थेट पुस्तकातल्यासारखे होणार होते. बऱ्हाटेने दाराशीच सांगून टाकले, "काकू, घर छान आहे. पण हे कोणासाठी ते ऐका. ज्यांच्याकडे फोडणीसुद्धा जपून घातली जाते, त्यांच्यासाठी. भिंत नाही, त्यामुळे ओट्यावरचं सगळं पलंगापर्यंत येतं."

"चालेल," आक्का म्हणाली.

स्वयंपाकघर आखायला एक तरुण मुलगी मोजपट्टी घेऊन आली. तीही भली होती. "काकू, तुमचं सगळ्यात मोठं भांडं कोणतं? त्याच्या मापानं मी खालचा खण करते."

आक्काच्या डोळ्यांपुढे खापर आले. दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही एवढे.

"कुकर," ती म्हणाली. "पाच लिटरचा."

मुलीने ते लिहून घेतले. खण त्या मापाचा झाला.

गावातले घर विकले गेले. निघताना भागाबाई दारात उभी होती. "आक्का, आखाजीला कसं करायचं? मी बसने येऊ का तिकडे?"

"आता पुरे गं तो धूर," आक्का म्हणाली. "तूही सुटलीस, मीही सुटले."

पण भागाबाईला सुटायचे नव्हते. तिला दुसरे काही नव्हतेच.

तरीही आक्काने खापर बरोबर नेले. गोधडीत गुंडाळून ते गॅलरीत ठेवले. ते टाकून येणे तिला जमले नाही.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. खण हलक्या धक्क्याने आपले आपण बंद होत. आक्का ते उगाच उघडून बंद करी. डोळ्यांची आग थांबली. ओटा दिवसातून तीनदा पुसला तरी फडके पांढरेच राही. मग एक दिवस तिच्या लक्षात आले की पुसायला काही नसते म्हणूनच ते पांढरे राहते. दोन माणसांची भाजी-भाकरी तासाभरात होई. उरलेला दिवस ती उंच स्टुलावर बसून काढी. पाय जमिनीला टेकत नसत. खाली रस्त्यावर कोणी तिला ओळखत नव्हते. हेमराज संध्याकाळी येई तेव्हा ती म्हणे, "आज काहीच झालं नाही रे." तोही थकलेला असे. तो म्हणे, "बरंच आहे की आई. विश्रांती घे."

मग चैत्र सरत आला. आखाजी जवळ आली. गावाकडून निरोप येऊ लागले. सरपंचांच्या दोन लेकी आल्या होत्या. एका घरी नवी सून होती, तिची पहिली आखाजी होती. आक्काने कोणालाच नाही म्हटले नाही. उलट तिला कितीतरी दिवसांनी आपण कोणीतरी आहोत असे वाटले. तिने पुरण शिजवले, कणीक तिंबली आणि खापर काचेच्या शेगडीवर पालथे घातले.

गॅसची ज्योत एका जागी लागली. खापर मधोमध तापले आणि कडेला गार राहिले. पोळी मध्ये करपली आणि कडेला कच्ची राहिली. दुसरी पोळी टाकली तेव्हा खापर मधून तडकले. ते इतके हळू वाजले की आधी तिला कळलेच नाही.

तिने कुंभाराकडून नवे खापर आणवले आणि गच्चीवर तीन विटा मांडून जाळ केला. पऱ्हाट्यांचा धूर वाळत घातलेल्या कपड्यांत शिरला. चार-पाच जण वर आले. त्यांतला एक वयस्कर माणूस हात जोडून म्हणाला, "काकू, तुम्ही आम्हाला आईसारख्या. पण पाण्याची टाकी प्लास्टिकची आहे हो. एक ठिणगी उडाली तर सगळी इमारत पाण्यावाचून बसेल."

तो खोटे बोलत नव्हता. आक्काने स्वतःच्या हाताने जाळावर पाणी ओतले.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बसने गावी गेली. वाटले, भागाबाईच्या अंगणात चूल मांडू. आपल्या जुन्या घराच्या जागी तिला सिमेंटच्या पत्र्यांचे गोदाम दिसले. भागाबाईच्या दाराला कुलूप होते. समोरची बाई म्हणाली, "ती गेली की भाच्याकडे, सुरतेला. फार दिवस वाट पाहिली तिनं. म्हणायची, आक्काला करमणार नाही, ती बोलावून घेईल. मग एक दिवस म्हणाली, मला नुसतं बसून खाता येत नाही, आणि गेली."

आक्का दारोदार फिरली आणि प्रत्येक घरी सांगितले की पोळ्या होणार नाहीत. कोणी रागावले नाही. "असू दे आक्का, बाजारात मिळतात की मशीनच्या," असे लोक म्हणाले. रागावले असते तर तिला थोडे बरे वाटले असते.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी बऱ्हाटे आला. त्याच इमारतीत कोणाला तरी घर दाखवायला आला होता.

"काकू, म्हटलं जाता जाता विचारावं, सगळं ठीक ना? आणि एक कामही होतं." तो स्टुलावर टेकला. "तुमच्याच गावात कोणी खापरवाली आक्का आहे म्हणे. माझी आई अंथरुणाला खिळली आहे. दोन महिने झाले, नीट खात नाही. काल म्हणाली, त्या आक्काच्या हातची एक पोळी आण, रसात बुडवून खाईन. पत्ता सांगता का? आत्ता निघालो तर संध्याकाळपर्यंत घेऊन येईन."

आक्का ओट्याशी उभी होती. ओटा स्वच्छ होता.

"त्या आता करत नाहीत," ती म्हणाली.

"का हो? वय झालं का?"

"नाही. घर बदललं त्यांनी. नव्या घरात खापर चालत नाही."

बऱ्हाटेने कपाळाला हात लावला. "अरेरे! कोण एजंट होता हो तो? एवढी हातात कला असलेली बाई, आणि तिला असलं घर गळ्यात मारलं? त्यानं विचारायचं तरी ना बाईला, घरात काय करता म्हणून! आमच्या धंद्याला अशीच माणसं बदनाम करतात."

"विचारलं होतं त्यानं," आक्का म्हणाली. "दोनदा विचारलं."

"मग?"

"बाई खोटं बोलली."

बऱ्हाटे हसू लागला होता. मग तो थांबला. त्याने पांढऱ्या कपाटांकडे पाहिले, कुकरच्या मापाच्या खणाकडे पाहिले आणि शेवटी तिच्याकडे पाहिले. आक्काने हात पदराखाली घेतले नाहीत. आता झाकून काही उपयोग नव्हता.

"ते अंगणाचं घर?" तिने विचारले.

"गेलं काकू. त्याच आठवड्यात गेलं," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही तिथं उभ्या होतात ना, तेव्हा मला वाटलं होतं, आता काहीतरी सांगाल. एक शब्द बोलला असतात तर मी ते कोणाला दाखवलंही नसतं."

"मलाही वाटलं होतं," ती म्हणाली.

तिने त्याला चहा दिला. त्याने तो घेतला, कारण न घेणे त्याला बरे दिसले नसते. जाताना तो दारात घुटमळला. आईला काय सांगायचे, असे त्याला विचारायचे असावे. पण तो तसाच जिना उतरून गेला.

पुढे आखाज्या येत राहिल्या. लेकी माहेरी येत राहिल्या आणि मशीनच्या पोळ्या खात राहिल्या. काही वर्षांनी नव्या सुनांना खापर म्हणजे काय हेही सांगावे लागू लागले. आक्काचे डोळे मात्र अगदी निवळले. त्या डोळ्यांनी तिला तिचे स्वयंपाकघर शेवटपर्यंत स्वच्छ दिसत राहिले.

तात्पर्य: ज्याची मदत घ्यायची, त्याच्यापासून आपले खरे काम लाजेपोटी लपवू नये, कारण तो मग प्रामाणिकपणे मदत करतो, पण आपल्याला नव्हे, आपण सांगितलेल्या त्या खोट्या माणसाला.