बी पॉझिटिव्हचा निरोप

एका तालुक्याच्या गावात अभिराम कर्णिक नावाचा एक प्रोग्रामर राहत असे. डोकं तल्लख, हात चलाख. गावातल्या बहुतेक वेबसाइट त्यानेच केलेल्या. इतरांना आठवडा लागणारं काम आपण दोन दिवसांत उरकतो, याचा त्याला फार अभिमान होता.

त्याच गावात मालतीताई नावाच्या निवृत्त नर्स होत्या. वीस वर्षं त्या रक्तदात्यांची वही सांभाळत होत्या. रुग्णालयातून सांगावा आला की त्या एकेकाला फोन करून बोलावून घेत. पण आता त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. त्यांनी अभिरामला गळ घातली आणि त्याने आनंदाने एक वेबसाइट करून दिली.

रुग्णालयाने हवा तो रक्तगट निवडून बटण दाबायचं. मग अभिरामचा प्रोग्राम एक वेबपत्ता तयार करी, त्याच्या शेवटी तो रक्तगट जोडी आणि दूरच्या एका सर्व्हरकडे विनंती धाडी. दात्यांची यादी त्या सर्व्हरवर होती. तो त्या गटाच्या सगळ्यांना मोबाइलवर निरोप पाठवी.

अभिरामने स्वतःचा गट, ओ निगेटिव्ह, लावून पाहिला. लगेच त्याचा मोबाइल वाजला.

“आठही गट लावून बघितलेस का रे?” मालतीताईंनी विचारलं.

“ताई, एक गेला म्हणजे आठही जातात.”

“मी तर समोरचा ‘निघालो’ म्हणेपर्यंत फोन ठेवत नसे.”

“ते माणसांचं झालं, ताई,” अभिराम हसून म्हणाला. खरं तर तो सर्व्हर प्रत्येक वेळी किती निरोप गेले ते उलट कळवत असे. पण ते उत्तर वाचण्याच्या भानगडीत अभिराम पडला नव्हता. विनंती सुटली की पडद्यावर ‘निरोप पोचले’ अशी हिरवी पाटी झळके.

तीन महिने सारं सुरळीत चाललं. पॉझिटिव्ह गटाचं रक्त रुग्णालयाच्या साठ्यात असायचंच. निरोप धाडावे लागत ते दुर्मिळ निगेटिव्हसाठी, आणि ते नीट जात.

एके दिवशी दुपारी कुंदाताई जाधव नावाच्या शिक्षिकेला अपघातानंतर रुग्णालयात आणलं. रक्तस्राव थांबेना. गट बी पॉझिटिव्ह, आणि त्याचा नि त्याऐवजी चालणाऱ्या ओ गटाचाही साठा नेमका त्याच सकाळी संपलेला. नर्सने बटण दाबलं. ‘निरोप पोचले.’ सगळे फाटकाकडे डोळे लावून बसले. पाटीवर विसंबून कुणी मालतीताईंनाही फोन केला नाही. दीड तास गेला. एकही दाता आला नाही. मग रक्त आणायला जिल्ह्याच्या गावी गाडी धाडली. ती परतली तोवर कुंदाताई गेल्या होत्या.

अंत्यदर्शनाला सारं गाव लोटलं. रुग्णालयासमोर कात्र्यांना धार लावून देणारे इस्माईल शिकलगार तिथे रडत उभे होते. “माझा गट बी पॉझिटिव्ह, यादीत नावही आहे,” ते म्हणत होते. “मी समोरच बसलो होतो. मला कुणी कळवलंच नाही हो!”

अभिरामने ते ऐकलं. घरी येऊन त्याने प्रोग्राम उघडला. चूक सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्याने वेबपत्त्यात ‘बी’पुढे अधिकचं चिन्ह जसंच्या तसं जोडलं होतं. वेबपत्त्यातलं ते चिन्ह पलीकडचा सर्व्हर रिकामी जागा समजून वाचतो. ते आधी सांकेतिक रूपात बदलून पाठवावं लागतं. त्यासाठी एका शब्दाची आज्ञा पुरते. उणेचं चिन्ह मात्र तसंच पोचतं. म्हणून निगेटिव्ह गट सापडत होते आणि पॉझिटिव्ह एकही सापडत नव्हता. त्या दुपारी सर्व्हरने उत्तर दिलं होतं: शून्य निरोप.

त्याने तो शब्द घातला. आठही गट एकेक करून लावले, उत्तरं वाचली. सगळे पोचले. चूक कुणालाच कळली नव्हती. गप्प बसला असता तर कधी कळलीही नसती. पण गप्प बसणं त्याला जमेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुंदाताईंचे यजमान सदानंदराव यांच्याकडे गेला आणि त्याने सगळं सांगितलं.

सदानंदरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, “रक्त वेळेवर मिळालं असतं तर ती वाचली असती का?”

“मला माहीत नाही,” अभिराम म्हणाला. “डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.”

“म्हणजे हा प्रश्न आता जन्मभर माझ्याकडेच राहणार.”

अभिरामने मान खाली घातली.

“तुम्ही येऊन सांगितलंत, बरं केलंत,” सदानंदराव उठत म्हणाले. “पण आता जा. तुमच्याकडे बघवत नाही मला.”

अभिराम पायऱ्या उतरला. मागे दार लागलं.

तात्पर्य: दुसऱ्याच्या जिवाशी निगडित असलेला निरोप आपण पाठवला एवढ्यावर समाधान मानू नये; तो पलीकडे जसाच्या तसा पोचला की नाही याची वेळीच खात्री करावी, कारण नंतर चूक दुरुस्त होते, गेलेली वेळ नाही.