दिवाणांची मानाची शाल

दिवाण विसाजीपंतांना कळत नाही अशी गोष्ट ब्रह्मदेवानं अजून घडवायची होती. दरबारचा लोकरी गालिचा बघून येसू परटीण म्हणाली, "मळलाय. रिठ्याच्या पाण्यानं धुऊन देते."

पंत कडाडले, "लोकर पाण्यानं कुजते, मूर्ख! गालिचा झटकायचा असतो. मी रोज झटकून घेतो. त्यात धुळीचा कण दाखव, नाहीतर संस्थान सोड!"

येसूनं महाराजांना मुजरा करून पंतांच्या खांद्यावरची पांढरी लोकरी शाल मागितली. महाराजांनी मान हलवली.

येसूनं ती मानाची शाल चक्क जमिनीवर अंथरली, तिच्यावर गालिचा उपडा घातला आणि वर चढून थयथय नाचली. गालिचा उचलला, तर खाली शाल चुलीच्या पोतेऱ्यासारखी! महाराजांनी तोंडात बोटं घातली.

पंत किंचाळले, "अगं सटवे, माझी शाल! आत्ताच्या आत्ता धुऊन आण!"

येसूनं शाल उचलली आणि अदबीनं विचारलं, "धुऊन आणू, की झटकून?"