कोपऱ्यातली पेटी

एका तालुक्याच्या गावात दिगंबर नावाचा माणूस राहत होता. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. दारू नाही, तंबाखू नाही. पतपेढीत नोकरी, संध्याकाळी वेळेवर घरी. नाद एकच, कॉम्प्युटरवर गेम खेळायचा.

घरात त्याची बायको कुंदा, तीन वर्षांची मुलगी ओवी आणि दिगंबरची आई, अशी माणसं होती. कुंदाला पुन्हा दिवस गेले होते.

पतपेढीने आपले जुने कॉम्प्युटर काढले तेव्हा दिगंबरने त्यातला एक स्वस्तात घरी आणला. कंपनीतून तयार होऊन आलेला, काळा, साधा. हिशेब लिहावेत, पावत्या छापाव्यात, एवढ्याच कामासाठी केलेला. कधी कुरकुरला नाही की बिघडला नाही. म्हणून त्याच्याकडे कुणी बघतही नसे.

गावातले तिघे मित्र आणि दिगंबर अशी चौघांची गेमची टीम होती. चौघं आपापल्या घरी बसून, कानाला हेडफोन लावून एकत्र खेळायचे. आता जिल्ह्याची मोठी स्पर्धा येणार होती. पण दिगंबरच्या कॉम्प्युटरला नवा गेम झेपत नव्हता. शत्रू समोर आला की चित्र थिजायचं. चित्र हलेपर्यंत दिगंबर मेलेला असायचा आणि टीम हरायची.

मेडिकलवाला विनू टीमचा म्होरक्या. तो म्हणाला, "दिग्या, तुझा कॉम्प्युटर पतपेढीचा शोभतो. ऐन गर्दीत जेवायला जातो."

बाकीचे दोघं हसले. दिगंबरही हसला.

मग विनू म्हणाला, "हसू नको. स्पर्धेआधी काहीतरी कर. नाहीतर आम्हाला चौथा दुसरा बघावा लागेल."

दिगंबरला त्या रात्री जेवण गेलं नाही. घराबाहेर त्याला हाक मारणारे तेवढे तिघंच होते. ती हाक बंद झाली तर संध्याकाळी करायचं काय, हेच त्याला कळेना. नवा कॉम्प्युटर घेण्याची ऐपत नव्हती. त्याने ठरवलं, आहे त्यालाच थोडं थोडं करून दमदार करायचं.

एसटी स्टँडसमोर शब्बीरभाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दिगंबर तिथे गेला. आधी वापरलेली रॅम घेऊन बसवली. पुढच्या पगाराला नवी डिस्क बसवली. कॉम्प्युटर जरा चपळ झाला. मग एका बंद पडलेल्या गेम पार्लरमधलं ग्राफिक कार्ड मिळालं. चांगलं वीटभर जाड, दोन पंख्यांचं. ते बसवायला शब्बीरभाईंनी कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि थांबले.

"दिगूभाऊ, इकडे बघा," ते म्हणाले.

डब्यात कोपऱ्यात एक लहान लोखंडी पेटी होती. भिंतीतली वीज ती आत घेते आणि आतल्या प्रत्येकाला वाटून देते. दुकानदार तिला एसएमपीएस म्हणतात. आपण पेटीच म्हणू.

"ही पेटी ऑफिसच्या कामापुरती आहे. तुम्ही एकेक नवीन जोडत चाललात, पण खायला घालणारी हीच एकटी. आधी ही मोठी करा, मग कार्ड लावा."

"पेटी बदलली की गेम जोरात चालेल?"

"जोरात नाही. चालत राहील."

"चित्र चांगलं दिसेल?"

"पेटीने काय दिसणार? ती आतच असते."

दिगंबरने विचार केला. ती पेटी कंपनीच्या मापाची. बाजारातली बसत नाही, बाहेरून मागवावी लागणार. तोवर कॉम्प्युटर दुकानात ठेवावा लागणार. आणि एवढं करून दिसणार काहीच नाही.

"आता कार्ड तेवढं लावा," तो म्हणाला. "पेटीचं पुढच्या वेळी बघू."

"तुमची वस्तू, तुमची मर्जी," शब्बीरभाई म्हणाले आणि जोडवायर लावून कार्ड बसवून दिलं.

घरी येऊन दिगंबरने गेम लावला. त्याला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्याने कुंदाला हाक मारली. "ये ना इकडे. हे गवत बघ. एकेक पातं हलतंय."

कुंदा कणकेच्या हातांनी आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "छान आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "आज सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर आल्या होत्या. म्हणाल्या, रक्त फार कमी आहे. नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन रक्त चढवून घ्या म्हणाल्या. आणि जड उचलू नका."

"जाऊ की. एवढी स्पर्धा होऊ दे," दिगंबर म्हणाला. त्याची नजर गवतावर होती. "पुढच्या वेळी सिस्टर आल्या की बघू."

कुंदा परत आत गेली. पोळ्या राहिल्या होत्या.

त्याच दिवसांत घरात एकावर एक कामं वाढत गेली. दिगंबरच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिला उठवायचं, बसवायचं, न्हाऊ घालायचं. गल्लीतली पाण्याची मोटर जळाली, तेव्हा पाणी पलीकडच्या आळीतून आणायचं. आणि दिगंबरचं नवं चित्र बघायला मित्र घरी येऊ लागले. मग चहा, कधी पोहे, कधी ऑम्लेट. विनू म्हणायचा, "वहिनी, तुमच्या हाताला चव आहे हो." कुंदा हसून कपबशा उचलून न्यायची. जाताना एका हाताने भिंत धरायची.

दिगंबरच्या आईने हे बघितलं. ती म्हणाली, "दिगू, ती पोर भिंत धरून चालतेय रे."

"आई, तू उगाच घोर लावून घेतेस. ती काही बोलली का?"

"ती बोलत नाही म्हणून तर मी बोलतेय."

"बघतो ना," दिगंबर म्हणाला आणि हेडफोन कानाला लावला.

कॉम्प्युटरमधूनही आता बारीक आवाज येऊ लागला होता. केर काढताना तो कुंदाच्याच कानावर आला. "अहो, हे खालून कुणी कण्हल्यासारखं वाजतंय."

"काम जास्त पडलं की वाजतं तसं. सवय होते."

आणि खरंच सवय झाली. आवाज येतच होता, पण कुणाला ऐकू येईना.

एकदा खेळता खेळता कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. दिगंबर धावत शब्बीरभाईंकडे गेला. ते म्हणाले, "पेटी थकली आहे. आज मागवून टाकू. आठवडाभर खेळ बंद ठेवा, बस."

आठवडा बंद म्हणजे सराव बंद. सराव बंद म्हणजे विनूचं तोंड. दिगंबर दुकानात उभा राहिला. समोर काचेच्या कपाटात रंगीत दिव्यांचे पंखे लावलेले होते. निळे, जांभळे, गोल गोल फिरणारे. शेजारी डब्याला लावायची काचही होती, म्हणजे आतलं सगळं बाहेरून दिसावं. पेटी आणि हे, दोन्ही घेणं काही जमणार नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे विनूचा चेहरा आला. त्याने पंखे आणि काच घेतली.

शब्बीरभाई म्हणाले, "दिगूभाऊ, या पंख्यांनाही तीच पेटी वीज देणार."

"स्पर्धा झाली की पहिलं काम तेच," दिगंबर म्हणाला. आणि तो मनापासून म्हणाला, खोटं नाही.

घरी दिवे लागले तेव्हा ओवीने टाळ्या वाजवल्या. विनू येऊन बघून गेला आणि म्हणाला, "आता कसा टीमचा माणूस वाटतोस." दिगंबरला ते वाक्य दिवसभर पुरलं.

स्पर्धा रविवारी दुपारी होती. दिगंबरने सकाळीच सांगून ठेवलं, "आज मला कुणी हाक मारायची नाही." कुंदाने मान हलवली. तिचा चेहरा कणकेसारखा पांढरा पडला होता. पण दिगंबर तेव्हा वायर नीट करत होता.

पहिला डाव जिंकला. दुसरा जिंकला. शेवटच्या डावात टीमचे दोघं आधीच पडले होते. उरले विनू आणि दिगंबर. विनू कानात ओरडत होता, "दिग्या, मला सांभाळ, मी पुढे जातो. फक्त मागे उभा राहा."

"आहे मी," दिगंबर म्हणाला.

तेवढ्यात टप्प असा आवाज झाला. जळका वास आला. चित्र गेलं. निळे दिवे गेले, जांभळे दिवे गेले.

दिगंबरने ओरडून विचारलं, "कुंदा, लाइट गेली का गं? मेन स्विच बघ."

उत्तर आलं नाही.

त्याने वर पाहिलं. डोक्यावरचा पंखा फिरत होता. लाइट गेलीच नव्हती. त्याने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. फोन वाजत होता, विनूचा. त्याने वायर काढून लावली आणि परत बटण दाबलं. मधे चिडून आणखी एकदा हाक मारली, "कुंदा, ऐकू येतंय का?" कुंदा एका हाकेला ओ देणारी बाई. आज ती ओ देत नव्हती. तरी त्याचं बोट बटणावरच होतं.

आतल्या खोलीतून आई ओरडली, "दिगू, मला उठता येत नाही रे. तू जा. स्वयंपाकघरात जा."

तेव्हा तो उठला.

कुंदा पाण्याच्या पिंपाला टेकून जमिनीवर बसली होती. हंडा आडवा पडला होता. पाणी सगळीकडे पसरलं होतं आणि पाण्याला लाल रंग होता. ओवी आईच्या मांडीवर डोकं ठेवून गप्प पडली होती. बापाला बघून ती म्हणाली, "आई झोपलीय. मी हाक नाही मारली."

शेजारच्यांची रिक्षा मिळाली. जिल्ह्याच्या दवाखान्यात कुंदाला रक्त चढवलं. तेच रक्त, जे महिनाभर आधी चढवायचं होतं. कुंदा वाचली. पोटातलं बाळ वाचलं नाही. मुलगा होता की मुलगी, हे कुंदाने विचारलं नाही. आपण किती वेळ बटण दाबत बसलो होतो, हे दिगंबरने कुणाला सांगितलं नाही.

काही दिवसांनी तो कॉम्प्युटर घेऊन शब्बीरभाईंकडे गेला. त्यांनी डबा उघडला. पेटी आतून काळी झाली होती.

"पेटी बदला," दिगंबर म्हणाला. "आता बदला. लागेल ते करा."

शब्बीरभाईंनी आत बॅटरी मारून बघितलं. "दिगूभाऊ, पेटी एकटी जात नाही. तिच्या जिवावर जे होतं ते सगळं घेऊन गेली. बोर्ड गेला, कार्ड गेलं. आता नवी पेटी आणून ती खायला कुणाला घालणार?"

दिगंबर रिकामा डबा आणि सुटे पंखे घेऊन घरी आला.

टीमला चौथा मिळाला होता. विनू एकदा दारापर्यंत येऊन गेला. चप्पल न काढताच म्हणाला, "वाईट झालं रे." त्यानंतर आला नाही. दिगंबरला वाटलं होतं, ही हाक तुटली की आपलं काही खरं नाही. ती तुटली, आणि त्याला काहीच वाटलं नाही. त्याचे कान दुसऱ्याच हाकेकडे लागले होते.

आता पाणी तो भरतो. आईला तो उठवतो. संध्याकाळी चहा करून कुंदाच्या हातात देतो. ती घेते. गार झाला तरी तसाच धरून बसते. शेजारणी येतात आणि म्हणतात, "वय काय तुझं, पुढच्या वेळी होईल." कुंदा त्यांच्याकडे बघून मान हलवते.

एक दिवस सिस्टर येऊन गेल्या. कुंदाला पुन्हा तपासायला बोलावलं होतं. दिगंबरने पतपेढीत रजा टाकली. रिक्षा सांगून ठेवली. तिची चप्पल दाराशी आणून ठेवली आणि तिच्यासमोर खाली बसला.

"कुंदा, चल. जाऊन येऊ. आजच जाऊ."

कुंदाने चपलेकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली,

"राहू द्या. पुढच्या वेळी बघू."

आणि तिने तोंड भिंतीकडे केलं.

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. ओसरीवर ओवी त्या रंगीत पंख्यांतला एक घेऊन बसली होती. ती बोटाने त्याची पाती फिरवायची आणि दिवा लागतो का ते वाकून बघायची. दिवा लागत नव्हता. ती पुन्हा फिरवायची.

तात्पर्य: घरात जे सगळ्यांना पुरवतं, ते आत असतं, दिसत नाही आणि मागत नाही, म्हणून ते थकत नाही असं समजू नये. घरात काही नवं आणण्याआधी ते कुणाच्या जिवावर चालणार, हे बघावं, आणि आजच बघावं. आपण पुढची वेळ म्हणतो ती आपल्या हातात नसते.