मागची फट

फार वर्षांमागं, जांभळाच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. दारावर केतकी नावाची राखणदार माशी असे. वासावरून ओळख पटल्याशिवाय ती कुणाला आत सोडत नसे.

एका सकाळी दारात मुंगी आली. म्हणाली, “मागच्या अंगाला, राणीच्या घराला लागूनच फट पडलीये. मी आत जाऊन आले.”

केतकीचं डोकं फिरलं. “चोरटी कुठली,” म्हणत तिनं नांगी उगारली.

“मध चोरायचा असता तर तुला सांगायला कशाला आले असते, बाई?”

केतकीनं नांगी आवरली आणि ती मागं जाऊन आली. फटीबाहेर मेण पोखरणारा किडा टपून बसला होता. दुपारपर्यंत माश्यांनी फट मेणानं बुजवली.

पुढं एकदा मुंगी पुन्हा दारात दिसली. बाकीच्या माश्या तिच्या अंगावर धावल्या. केतकीनं त्यांना अडवलं आणि विचारलं, “आज कुठं गं फट?”