निळीच्या दाराला मोहोर

फार फार पूर्वी, एका नदीच्या दोन तीरांवर दोन राज्यं होती. अलीकडच्या राज्यात एक गुळवाला राहायचा. माणूस कष्टाळू, पण भित्रा इतका की पान हललं तरी दचकायचा.

गावचा रंगारी त्याच्याकडून उधारीवर गूळ न्यायचा. निळीचे रांजण जिवंत असतात बरं का! त्यांना रोज ढवळावं लागतं, गूळ-चुना घालावा लागतो. हयगय झाली की नीळ नासलीच.

एका वर्षी रंगाऱ्याची कापडाने भरलेली नाव बुडाली आणि त्याचं दिवाळं निघालं. ऐकून गुळवाला उधारीची वही उघडून बसला. रंगाऱ्याला दिलेला गूळ त्याने स्वतःही उधारीवरच आणला होता. हे पैसे बुडाले की त्याचं दुकान जाणार, बायकापोरं रस्त्यावर येणार.

पैसे अडकलेले सगळे रंगाऱ्याच्या अंगणात जमले. त्यांत एक चुनेवाली म्हातारी होती.

"अरे, माझं माहेर पलीकडच्या तीरावरचं," ती म्हणाली. "तिथे धंदा बुडाला तर काम बंद पडू देत नाहीत. सगळे मिळून तो चालवतात आणि रुपयातले चौदा आणे परत मिळतात. आपण दाराला लाखेची मोहोर लावून भांडत बसतो, दोन आणे मिळाले तरी नशीब! यंदा रांजण चालू ठेवू या."

सगळ्यांना पटलं. गुळवाल्यालाही पटलं. पण अलीकडच्या राज्यात एकाने जरी हरकत घेतली, तरी राजाचा शिपाई दाराला मोहोर लावायचा. मग सगळ्यांचं एकमत होईपर्यंत ती कुणी तोडायची नाही.

गुळवाला एकेकाकडे निरखून पाहू लागला. रंगाऱ्याने आत उरलेलं कापड लांबवलं तर? म्हातारीनेच सगळं घशात घातलं तर? ज्याच्याकडे पाहावं तो त्याला चोर दिसू लागला.

"मोहोर लावा!" तो ओरडला. "कुणी आत पाऊल टाकायचं नाही!"

"बाबा रे, नीळ बंद दाराआड जगायची नाही," रंगाऱ्याने हात जोडले.

"लावा म्हणतो ना!"

मोहोर लागली. गुळवाला त्या दिवशी पोटभर जेवला. पण आठवडा उलटला आणि दाराखालून कुबट वास येऊ लागला. तो धावत सगळ्यांकडे गेला. "उघडू या रे! मी चुकलो!"

आता बाकीच्यांना त्याचीच भीती वाटू लागली. "एवढी घाई? आतलं काय उचलायचंय तुला?" असं म्हणून एकेकाने आपापल्या घराचं दार लावून घेतलं.

शेवटी कित्येक महिन्यांनी एकमत होऊन मोहोर तोडली, तेव्हा रांजणांत काळा चिखल होता आणि कापडाला वाळवी लागली होती. रुपयामागे दीड आणाही पदरात पडला नाही.

मग गुळवाल्याच्या दुकानासमोर त्याच्याकडे पैसे अडकलेली माणसं जमली. "दुकान तेवढं चालू ठेवा," तो गयावया करू लागला, "पै न् पै फेडतो!" काहींनी मान डोलावली. इतक्यात मागे उभा असलेला एक तेली घाम पुसत म्हणाला, "मोहोर लावा."

गुळवाल्याने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती भीती त्याच्या चांगली ओळखीची होती. 

तात्पर्य : एकमेकांच्या भीतीने जे बंद करून ठेवलं, ते कुणाच्याच हाती लागत नाही.