पाटलाच्या आजोबांनी थुंकलेलं फळ

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात, गावापेक्षाही जुनं असं पेकानाचं, म्हणजे अक्रोडाच्या जातीचं, एक झाड होतं. केवढं म्हणाल, तर शेंडा बघायला मान मागे टाकावी आणि डोक्यावरचं मुंडासं हातानं सांभाळावं! त्याच्या सावलीत अख्खा बाजार भरे. पण त्याचं फळ मात्र कुणी तोंडात घालत नसे.

गावची रीतच तशी होती. नवं फळ आलं की पहिला घास पाटलाचा. पाटलानं गिळलं, तर गावानं खायचं. पाटील थुंकला, तर त्या फळाला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. आताच्या पाटलाच्या आजोबांनी पेकानाचं हिरवं फळ पेरूसारखं सालीसकट चावलं, जीभ कडूजहर झाली आणि ते थू करून मोकळे झाले. झालं, विषय संपला!

एका वर्षी पुरानं शेतं धुऊन नेली. हिवाळ्यात घरोघरी पाण्यासारखी पेज. त्यातच एका कुंभारणीची लेक तापातून उठली, पण पायांत जीवच नव्हता. भिंत धरून उभी राही आणि मटकन खाली बसे. वैद्य म्हणाले, "ताप गेला. आता अंगी लागेल असं काही खायला घाल, नाहीतर पोर हातची जाईल."

कुंभारीण लेकीला घेऊन झाडाखाली उन्हात बसली. तिथं एक खार होती. सगळं गाव वाळलेलं आणि ही बया गुबगुबीत! खारीनं फळाची उकललेली साल टाकून दिली, आतलं तपकिरी कवच कुरतडलं आणि त्याच्याही आतलं काहीतरी चवीनं खाल्लं.

कुंभारीण धावतच पाटलाकडे गेली. "पाटीलबाबा, त्या फळाच्या आत आणखी काही आहे. एकदा चाखून बघा की!"

"आजोबा थुंकले ते थुंकले. मी काय त्यांच्याहून शहाणा?"

"मग मी खाते."

"आणि विषारी निघालं तर? लेकीला कोण बघंल?"

 तरी कुंभारीण झाडाखाली गेली आणि तिनं दगडानं एक फळ फोडलं. गराच्या मधला पडदा दाताखाली आला. कडू! "थुंक, थुंक!" जमलेले लोक ओरडले. ती थुंकली नाही. तिनं दुसरं फोडलं, पडदा निगुतीनं काढला आणि नुसता गर जिभेवर ठेवला.

काय सांगावं! लोण्यासारखा स्निग्ध, गोडसर, भरीव गर. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. 

संध्याकाळपर्यंत तिला काही झालं नाही, तेव्हाच तिनं ते लेकीला दिलं. आधी पेजेत वाटून, मग तव्यावर भाजून, मग गुळात लाडू वळून. भाजल्याचा वास सुटला आणि घराघरांतून माणसं टोपल्या घेऊन निघाली. कुणी चटणी कुटली, कुणी भाकरीच्या पिठात कूट मिसळला. मूठभर खाल्लं तरी पोटाला आधार वाटे. थंडी सरता सरता कुंभारणीची लेक कुणाचाही हात न धरता झाडाभोवती फेरी मारून आली.

पाटील सगळ्यांत शेवटी आला. त्यानं गर तोंडात घातला, सावकाश चावला आणि गिळला. मग मुंडासं काढून तो कितीतरी वेळ वर फांद्यांकडे बघत राहिला.

"एवढं अन्न डोक्यावर होतं," तो म्हणाला, "आणि एका घासाच्या निकालावर आपण पिढ्यान्‌पिढ्या याच्याखाली उपाशी बसलो."

तात्पर्य: वरची साल चाखून फळाचा निकाल देऊ नये आणि दुसऱ्यानं दिलेला निकाल आपण न चाखता जन्मभर पाळू नये.